गिऱ्हाईक राजा झाल्यावर कारखान्याचं काय होतं?

‘उदारीकरणाचे उद्योगांवरील परिणाम लिहा’ हा प्रश्न इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या पेपरात सहा मार्कांना येतो. उत्तर सगळ्यांना पाठ आहे. स्पर्धा वाढली, गुणवत्ता सुधारली, ग्राहकाला पर्याय मिळाले. तीन मुद्दे, प्रत्येकी दोन मार्क, चला पुढच्या प्रश्नाकडे! मीही तेच लिहिलं आणि मार्कही मिळाले. पण नंतर एक शंका डोक्यात राहिली. ‘गुणवत्ता सुधारली’ म्हणजे सोमवारी सकाळी आठच्या शिफ्टला शॉप फ्लोअरवर नेमकं कोणी काय केलं? मशीन तेच, माणसं तीच, मग काल जे जमत नव्हतं ते आज कसं जमायला लागलं? आणि ज्यांना जमलं नाही, त्यांचं काय झालं?

म्हणून या सुट्टीत लायब्ररीतून आणि इकडून तिकडून जे मिळेल ते वाचलं. सरकार सांगेल तेवढा माल काढणारे कारखाने अचानक बाजारात आले तेव्हा काय झालं, हे बघायला सगळ्यात चांगली प्रयोगशाळा म्हणजे १९८९ नंतरचा पूर्व युरोप, रशिया आणि त्याआधी सुरुवात केलेला चीन. त्याच गोष्टी इथे सांगतेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे जिथे पुस्तकी मराठी शब्द सुचला नाही तिथे वर्कशॉपमधले मामा जो शब्द वापरतात तोच वापरलाय. तो सगळ्यांना कळतो!

कम्पल्सरी मेसचं अर्थशास्त्र

आधी जुनी पद्धत समजून घेऊ. त्यासाठी मॉस्कोला जायची गरज नाही, कुठल्याही हॉस्टेलची कम्पल्सरी मेस डोळ्यांसमोर आणा. सेमिस्टरचे पैसे आधीच भरलेले. किती पोळ्या, कुठली भाजी हे वर ठरलेलं. आपण जेवलो काय न जेवलो काय, कंत्राटदाराला काही फरक पडत नाही. त्याने खूश ठेवायचं ते मेस कमिटीला. त्यामुळे दुधी आवडत नाही हे चारशे पोरींना माहीत असलं तरी दुधी येतच राहतो.

सोव्हिएत रशियात ‘गॉस्प्लान’ नावाचं नियोजन मंडळ होतं. कुठल्या कारखान्याने किती माल काढायचा, लोखंड कुठून घ्यायचं, तयार माल कोणाला द्यायचा, किंमत काय लावायची, सगळं वरून ठरायचं. टार्गेट बहुतेक वेळा नगात किंवा टनात. टार्गेट टनात असलं की माल जड करायचा आणि नगात असलं की लहान लहान नग काढायचे, हे तिथल्या मॅनेजरांना बरोब्बर जमायचं. खिळ्यांच्या कारखान्याने महिन्याचं टार्गेट एकाच राक्षसी खिळ्यात पूर्ण केलं, हा तिथला फार जुना विनोद आहे.

आणखी एक गोष्ट तर थेट आपलीच वाटते. कच्चा माल वेळेवर यायचा नाही म्हणून महिन्याचे पहिले दहा दिवस आरामात जायचे आणि शेवटचे दहा दिवस धावपळ. त्याला रशियन भाषेत ‘श्टुर्मोव्श्चिना’ म्हणतात, म्हणजे एकदम हल्लाबोल. आपल्याकडे यालाच सबमिशन म्हणतात! शहाणी माणसं वस्तू घेताना उत्पादनाची तारीख बघायची आणि महिनाअखेरीचा माल टाळायची.

माल मिळेल याची खात्री नाही म्हणून प्रत्येक कारखाना साठा करून ठेवायचा आणि शक्य तेवढं सगळं स्वतःच बनवायचा. स्क्रूसुद्धा स्वतःचे. शिवाय कामगारांची घरं, पाळणाघर, दवाखाना, सुट्टीचं विश्रामगृह, हे सगळं कारखान्याचंच. म्हणजे कारखाना नुसता कारखाना नव्हता, ते आख्खं गाव होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि तोटा झाला तर? सरकार भरून देणार. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या प्रकाराला छान नाव दिलं, ज्याचा अर्थ ‘मऊ बजेट’ असा होतो. घरचे मनीऑर्डर पाठवतच राहणार हे माहीत असलं की महिनाअखेरीला कोण हिशोब करतं? तसंच. कोर्नाईंचं म्हणणं असं की टंचाई हा या व्यवस्थेतला अपघात नव्हता, ती त्या व्यवस्थेतूनच जन्मायची. पैसे कमी पडायची भीती नाही, म्हणून प्रत्येक जण जास्तीत जास्त मागतो, म्हणून कुणालाच पुरत नाही.

चार खांब एकदम हलले

१९८९ मध्ये पूर्व युरोपातली सरकारं एकामागून एक पडली. नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत गेली. पोलंडने १ जानेवारी १९९० पासून एकदम बाजारव्यवस्था आणली. रशियाने २ जानेवारी १९९२ ला बहुतेक किमतींवरचं नियंत्रण उठवलं. कारखान्याच्या नजरेने बघितलं तर चार गोष्टी जवळपास एकाच वेळी झाल्या.

पहिली, गिऱ्हाईक गेलं. समाजवादी देशांचा आपसातला ‘कोमेकॉन’ हा व्यापारी गट १९९१ मध्ये बरखास्त झाला आणि त्या वर्षापासून आपसातला व्यवहारही डॉलरमध्ये, जागतिक भावाने सुरू झाला. हंगेरीची ‘इकारस’ कंपनी वर्षाला दहा हजारांहून जास्त बस बनवायची, त्यातल्या बहुतांश सोव्हिएत युनियनला जायच्या. त्या देशाकडे डॉलर उरले नाहीत आणि १९९१ च्या अखेरीस तो देशच उरला नाही. बसमध्ये बिघाड नव्हता, पण घेणाराच नाही म्हटल्यावर इकारसचा डोलारा कोसळला.

दुसरी, पुरवठादार गेला. एका भागाचा एकच पुरवठादार, तोही कधी कधी दुसऱ्या देशात. साखळीतली एक कडी तुटली की पुढचे सगळे थांबले.

तिसरी, तिजोरी बंद झाली. निदान कागदावर तरी तोटा भरून द्यायला सरकार तयार नव्हतं.

आणि चौथी, तुलना सुरू झाली. दुकानात जपानी टीव्ही आणि जर्मन गाड्या दिसायला लागल्या. काल रांग लावून घेतलेली वस्तू आज लोकांना नकोशी झाली. माझ्या मते हा धक्का बाकी तिन्हींपेक्षा मोठा होता, कारण पैसा कर्जाने मिळतो, पण गिऱ्हाईकाच्या मनातून उतरलेली वस्तू परत मनात बसवणं महाकठीण.

आता याच धक्क्याला वेगवेगळ्या कारखान्यांनी कसं तोंड दिलं ते बघू.

ट्राबांट : इंजिनिअर हुशार, तरी गाडी मागास

पूर्व जर्मनीतल्या त्स्विकाऊ शहरात १९५७ ते १९९१ या काळात ‘ट्राबांट’ नावाची छोटी गाडी बनायची. एकूण तीस लाखांच्या वर गाड्या निघाल्या. नंबर लावल्यावर गाडी मिळायला दहा-बारा वर्षं किंवा त्याहून जास्त लागायची.

मेकॅनिकलवाल्यांनो, ही गाडी बघण्यासारखी आहे. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, २६ हॉर्सपॉवर. इंजिनाला ऑइल पंप नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वर, म्हणजे फ्यूएल पंप नको, गुरुत्वाकर्षण आहेच! पेट्रोल किती उरलं ते बघायला कांडी बुडवायची. पत्र्याची टंचाई होती म्हणून बाहेरची पॅनेल्स कापसाच्या टाकाऊ धाग्यात फिनॉल रेझिन घालून, गरम प्रेसमध्ये दाबून बनवलेली. त्याचं नाव ड्युरोप्लास्ट. गंजत नाही, हलकं असतं. पण पत्रा प्रेसखाली काही सेकंदांत निघतो, तर ड्युरोप्लास्टचा प्रत्येक पॅनेल शिजायला काही मिनिटं लागायची. म्हणजे उत्पादन वाढवायचं म्हटलं तरी प्रेसशॉप अडवणार.

मला वाचताना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. तिथल्या इंजिनिअर लोकांना हे सगळं कळत होतं. १९६० आणि १९७० च्या दशकात त्यांनी नव्या गाडीचे नमुने तयारही केले होते. वरच्या नेत्यांनी ते बंद पाडले. रांग एवढी मोठी आहे, विक्रीची चिंता नाही, मग नवं डिझाइन कशाला? शेवटी फोक्सवॅगनचं इंजिन बनवायचं लायसन्स घेतलं आणि १९९० मध्ये चार सिलिंडरची ट्राबांट आली. तोपर्यंत भिंत पडली होती. जुन्या देहात नवं हृदय घातलं, पण लोक आता पश्चिमेकडची सेकंडहँड गोल्फ घ्यायला मोकळे होते.

त्यात १ जुलै १९९० ला दोन्ही जर्मनींचं चलन एक झालं आणि पगार एकास एक दराने बदलले. कामगारांना साहजिकच आनंद झाला. पण कारखान्याचं गणित बघा. त्याआधी निर्यातीत एक पश्चिमी मार्क मिळवायला साधारण चार पूर्व जर्मन मार्कांहून जास्त खर्च यायचा. आता खर्चही पश्चिमी मार्कातच! कुठला कारखाना एका रात्रीत चौपट कार्यक्षम होणार? ३० एप्रिल १९९१ ला शेवटची ट्राबांट लाइनवरून उतरली.

पूर्व जर्मनीतले सरकारी कारखाने विकायला ‘ट्रॉयहांड’ नावाची संस्था काढली होती. तिच्याकडे सुमारे साडेआठ हजार कंपन्या आणि चाळीस लाख कामगार आले. १९९४ च्या अखेरीस ती बंद झाली तोपर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त नोकऱ्या गेलेल्या होत्या. काही कंपन्या तर एका मार्कला विकल्या, कारण विकत घेणाऱ्याने गुंतवणूक करावी आणि काही लोक कामावर ठेवावेत एवढंच हवं होतं.

पण त्स्विकाऊ संपलं का? नाही. फोक्सवॅगनने शहराजवळच्या मोझेल इथे १९९० मध्येच पोलो गाडीची जोडणी सुरू केली. ट्राबांटवर काम केलेले अनेक कामगार तिथे गेले. त्याच कारखान्यात नोव्हेंबर २०१९ पासून कंपनीची आयडी.३ ही इलेक्ट्रिक गाडी बनायला लागली. म्हणजे कंपनी मेली, पण गावातलं कसब वाचलं. अर्थात सगळ्यांचं नाही.

स्कोडा : घाई न करता केलेला बदल

चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह गावी १८९५ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. पुढे ती सरकारी झाली. एकेकाळी गाड्यांमध्ये नाव होतं, पण १९८० पर्यंत इंग्लंडमध्ये तिच्यावर विनोद व्हायला लागले. स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? पेट्रोलची टाकी फुल करायची!

तरी स्कोडाकडे ट्राबांटपेक्षा एक गोष्ट जास्त होती. १९८७ मध्ये त्यांनी ‘फेवरिट’ ही पुढे इंजिन, पुढची चाकं फिरवणारी नवी गाडी काढली होती. डिझाइन इटलीच्या बर्टोनेचं. म्हणजे बाजार उघडला तेव्हा हातात अगदीच जुनं मॉडेल नव्हतं. सरकारने भागीदार शोधायला सुरुवात केली. शेवटी रेनो आणि फोक्सवॅगन यांच्यात चुरस झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये फोक्सवॅगनची निवड झाली. एप्रिल १९९१ पासून भागीदारी सुरू झाली. सुरुवातीला सुमारे ३० टक्के हिस्सा, तो टप्प्याटप्प्याने वाढत २००० मध्ये पूर्ण मालकी.

आता सोमवारी सकाळी काय बदललं, ते बघा.

एक, फेवरिट लगेच बंद केली नाही. तिच्यातल्याच बारीक-सारीक दोषांवर काम केलं आणि १९९४ मध्ये तिच्यावरूनच ‘फेलिशिया’ काढली. पूर्णपणे फोक्सवॅगनच्या प्लॅटफॉर्मवरची ‘ऑक्टाव्हिया’ १९९६ मध्ये आली. म्हणजे आधी शिस्त, मग नवीन मॉडेल.

दोन, माणसं जोडीने बसवली. महत्त्वाच्या पदांवर बाहेरून आलेला एक मॅनेजर आणि स्थानिक एक मॅनेजर, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. याला ते ‘टँडेम’ म्हणायचे, म्हणजे डबल सीट सायकल. स्थानिक माणसाने मार्केटिंग आणि कॉस्टिंग शिकायचं, बाहेरच्याने तिथली भाषा आणि माणसं शिकायची. पाहुणा परत गेला की स्थानिकाने एकट्याने चालवायचं. भांडणंही खूप झाली असणार. आपल्या मिनी प्रोजेक्टला दोन जणांचा ग्रुप असतो तरी होतात!

तीन, पुरवठादारांना वाऱ्यावर सोडलं नाही. चांगले सुटे भाग मिळत नसतील तर चांगली गाडी निघणारच नाही. पश्चिमेकडच्या कंपन्यांना चेक पुरवठादारांबरोबर भागीदारी करायला उत्तेजन दिलं. ऑक्टाव्हियाच्या नव्या कारखान्यात तर पुरवठादारांची माणसं आत येऊन, लाइनच्या शेजारी आपापले जोड तयार करायला लागली.

चार, नाव ठेवलं आणि डिझाइनचं डिपार्टमेंटही ठेवलं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भागीदारी करताना ‘तुम्ही फक्त जोडणी करा, डोकं आम्ही चालवू’ असं झालं असतं, तर स्कोडा हा नुसता स्वस्त मजुरीचा कारखाना झाला असता. तसं झालं नाही, म्हणून २०१४ मध्ये कंपनीने एका वर्षात दहा लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. आणि म्हणूनच २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या) शेंद्र्याला ऑक्टाव्हियाची जोडणी सुरू झाली. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी मुलं तिथे ट्रेनी म्हणून लागली असतील. त्यांना म्लादा बोलेस्लाव्हची ही गोष्ट कोणी सांगितली की नाही, माहीत नाही.

रशिया : पैशाशिवाय चालणारा कारखाना

रशियात गोष्ट वेगळी झाली. किमती मोकळ्या केल्यावर १९९२ या एका वर्षात महागाई पंचवीस पटींनी वाढली. सरकारी कंपन्यांचे शेअर लोकांना वाटण्यासाठी प्रत्येकाला दहा हजार रूबलचं व्हाउचर दिलं. पण बऱ्याच कंपन्यांत मालकी जुन्या मॅनेजर आणि कामगारांकडेच राहिली आणि नवी गुंतवणूक आलीच नाही.

मग कारखाने टिकले कसे? उधारीवर आणि अदलाबदलीवर! समजा ट्रॅक्टरच्या कारखान्याकडे रोख नाही. तो पोलादवाल्याला ट्रॅक्टर देणार, पोलादवाला वीज कंपनीला पोलाद देणार, वीज कंपनी ते कोणा तिसऱ्याला देणार. १९९८ पर्यंत उद्योगांची साधारण निम्मी विक्री अशी वस्तूच्या बदल्यात वस्तू या पद्धतीने होत होती. पगारही कधी कधी कारखान्याच्या मालातच मिळायचा. काचेच्या कारखान्यातले कामगार रस्त्याच्या कडेला ग्लास विकत उभे!

वाचताना हसू येतं, पण यामागे तर्क आहे. कारखाना बंद केला तर आख्खं गाव बंद पडेल, कारण पाळणाघर, दवाखाना, गरम पाण्याची पाइपलाइन सगळं त्याचंच. म्हणून वीज तोडायची हिंमत कोणी करत नव्हतं. कोर्नाईंचं मऊ बजेट गेलंच नव्हतं, फक्त सरकारऐवजी शेजारचा कारखाना पोसायला लागला होता. अशा अदलाबदलीत खरी किंमत कळत नाही, किंमत कळत नाही म्हणून तोटा दिसत नाही आणि तोटा दिसत नाही म्हणून सुधारणा होत नाही.

ऑगस्ट १९९८ मध्ये रूबल कोसळला. डॉलरला सहाच्या आसपास होता, तो वर्षअखेरीस वीसच्या पुढे गेला. लोकांची बचत बुडाली. पण आयात माल एकदम महाग झाल्यामुळे देशी कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक मिळालं, हातात रोख पैसा यायला लागला आणि अदलाबदल हळूहळू कमी झाली. संकटातून असाही रस्ता निघतो!

चीन : हातोडा आणि शहात्तर फ्रीज

चीनने भिंत एकदम पाडली नाही, तिला दरवाजा केला. सरकारी टार्गेट चालूच ठेवलं, पण त्याच्या वर जेवढा माल काढाल तो बाजारभावाने विका, असं सांगितलं. म्हणजे एकाच वस्तूला दोन भाव. याचा गैरफायदाही घेतला गेला. ओळख असलेले लोक सरकारी भावात माल घेऊन बाजारात विकायचे. पण कारखान्याला एक फायदा झाला. जुनं उत्पन्न बंद न होता बाजाराची सवय व्हायला वेळ मिळाला. पोहायला शिकताना एकदम विहिरीत ढकलण्याऐवजी पाठीला भोपळा बांधावा, तसं.

चिंगदाओ शहरातला एक कर्जबाजारी फ्रीजचा कारखाना. १९८४ च्या डिसेंबरमध्ये चांग रुईमिन तिथे प्रमुख म्हणून आले. त्यांनी केलेल्या पहिल्या नियमांत ‘वर्कशॉपमध्ये लघवी करू नये’ हाही नियम होता, यावरून परिस्थिती समजून घ्या. जर्मनीच्या लीबहेर कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं. १९८५ मध्ये एका गिऱ्हाईकाची तक्रार आली म्हणून स्टॉक तपासला, तर ७६ फ्रीज सदोष निघाले. लोक म्हणाले, कामगारांनाच स्वस्तात देऊन टाकू. तेव्हा एका फ्रीजची किंमत कामगाराच्या जवळपास दोन वर्षांच्या पगाराएवढी! चांग यांनी ते फ्रीज सगळ्यांसमोर मांडले आणि ज्यांनी बनवले त्यांनाच हातोड्याने फोडायला लावले. पहिला घाव स्वतः घातला. फोडताना कामगार रडत होते असं सांगतात.

हाच कारखाना पुढे ‘हायर’ झाला. पुण्याजवळ रांजणगाव एमआयडीसीत त्यांचा प्लँट आहे. हातोड्याची गोष्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांत फार रंगवून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. जुन्या व्यवस्थेत सदोष मालही ‘उत्पादन’ म्हणून मोजला जायचा. त्या दिवशी कामगारांना पहिल्यांदा कळलं की रिजेक्ट नग म्हणजे शून्य. टार्गेटची व्याख्याच बदलली.

आपल्या आकुर्डीत

आपल्याकडे सगळं सरकारी नव्हतं, पण किती माल काढायचा याचं लायसन्स होतं. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. कंपनी खासगी, मालक हुशार, तरी रांग होतीच, कारण परवानगीपेक्षा जास्त स्कूटर काढता येत नव्हत्या. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांचं लायसन्स गेलं. मग फोर-स्ट्रोक मोटरसायकलींनी बाजार खाल्ला. बजाजनेही चाकणला नवा कारखाना काढला, २००१ मध्ये पल्सर आणली, २००७ मध्ये आकुर्डीचं उत्पादन थांबवलं आणि २००९ च्या अखेरीस स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. पुढे चेतक इलेक्ट्रिक होऊन परत आली आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. त्स्विकाऊची आठवण झाली ना?

पण पेपरातल्या सहा मार्कांच्या उत्तरात जे नसतं ते मी घरी ऐकलंय. माझे आजोबा चिंचवडला एका कंपनीत टर्नर होते. लेथवर हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचे. कंपनीत सीएनसी आली आणि पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या हातात व्हीआरएसचा फॉर्म आला. नाव ‘स्वेच्छा’, पण इच्छा कोणाची ते सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना एकदा विचारलं, आजोबा, तुम्हाला सीएनसी जमलं नसतं का? ते म्हणाले, “अगं, जमलं असतं की. मापं तर मला येतच होती, बटणं शिकायची होती. पण शिकवायला कोणी थांबायला हवं ना!”

मला वाटतं या सगळ्या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. स्कोडाने टँडेममध्ये शिकवायला माणूस बसवला. बाकी अनेक ठिकाणी तेवढा वेळ कोणाकडे नव्हता.

मग जमवून घेणं म्हणजे नक्की काय?

एवढं वाचल्यावर माझ्या डोक्यात जी यादी झाली ती अशी :

१. मोजमाप बदलावं लागतं. टन आणि नग मोजणं सोडून ‘विकलेला, परत न आलेला नग’ मोजायला लागणं. बाकी सगळं याच्यामागून येतं.

२. आहे त्या मालातले दोष आधी काढावे लागतात. नवं मॉडेल नंतर.

३. एकटा कारखाना सुधारत नाही, त्याची आख्खी साखळी सुधारावी लागते. साखळी तुटली तर चांगला कारखानाही इकारससारखा आडवा होतो.

४. कारखान्याच्या अंगावरचं गाव अलगद उतरवून ठेवावं लागतं. पाळणाघर आणि दवाखाना कोणीतरी चालवायलाच हवा, तो नगरपालिकेने चालवला तर कारखाना हलका होतो. नुसतंच टाकून दिलं तर गाव बुडतं.

५. डोकं विकायचं नाही. मालक बदलला तरी डिझाइन आणि आर अँड डी गावात राहिलं पाहिजे.

६. एकदा बदललं की झालं असं नसतं. हंगेरीची ‘टुंग्सराम’ ही बल्बची जुनी कंपनी. १९८९ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने तिचा निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. हजारो लोक कमी झाले, पण कंपनी सुधारली आणि बाजारव्यवस्थेत यशस्वी संक्रमणाचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. पुढे एलईडी आले, जीईने तो धंदा २०१८ मध्ये विकला आणि २०२२ मध्ये टुंग्सराम बुडाली. तीस वर्षांपूर्वीची परीक्षा पास झाल्याचं सर्टिफिकेट आज चालत नाही.

या सगळ्यात इंजिनिअर कुठे बसतो? माझ्या मते बरोब्बर मधोमध. ट्राबांटच्या इंजिनिअरांनी नवी गाडी कागदावर काढली होती, पण ती लाइनवर नेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्याला तो काही प्रमाणात असणार आहे. आपल्यातले बरेच जण दोन वर्षांत चाकण, रांजणगाव, शेंद्रा किंवा सातपूरला कुठल्या तरी लाइनवर उभे असतील. पेट्रोल इंजिनाकडून बॅटरीकडे जायचा बदल आत्ताच सुरू झालाय. पिस्टन, सायलेन्सर, गिअर बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपना उद्या इकारससारखाच प्रश्न पडणार आहे : माल चांगला, पण घेणारा कुठेय? त्या वेळी व्हीआरएसचे फॉर्म वाटायचे की पन्नाशीच्या टर्नरशेजारी स्टूल ओढून बसायचं, हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये आपल्यापैकी कोणीतरी असेल. स्टूल ओढायला फार खर्च येत नाही हो, साधारण सहा महिने लागतात.